पाडकाम

चेबोक्सरीच्या बालरुग्णालयात, तळघरातल्या खोलीत,
एकोणीस वर्षं मी मुलांची हाडं बघतेय.
हाड कडेला पांढरं असतं, आत करडं,
ऑक्टोबरात व्होल्गेवर धुकं असतं तसं.
अत्नेरचं आलं ते नुसतं पांढरं.
आत-बाहेर असं काही नाहीच.
खडूनं गिरवत गिरवत भरून टाकल्यासारखं.
वय सात महिने.

मला वाटलं, यंत्र बिघडलं.
दुसरी फिल्म काढली. तीही तशीच.
मग त्याच्या आईला, वेरुकला, बाकावर बसवलं
आणि अर्खीपोवा डॉक्टर येईपर्यंत
थंडी कधी ओसरणार याबद्दल बोलत राहिले.

डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
बांधणाऱ्या पेशी चोख आहेत, म्हणाल्या, रात्रंदिवस बांधतायत.
खाणाऱ्या पेशीही आहेत, हव्यात त्याहून जास्तच.
रक्तातून येतात, चारपाच मिळून एक होतात,
हाडाला ओठ लावतात. सगळं रीतसर.
फक्त त्यांच्या पटलात एक प्रथिन असतं,
एक पंप, हाडावर आम्ल सोडणारा,
तो नीट घडलेला नाही.
तोंड आहे, भूक आहे,
लाळ नाही.

गेन्नादी, मुलाचा बाप, जुन्या इमारती पाडतो.
मिशीत सिमेंट घेऊन थेट कामावरून आला होता.
हाडाचा पाडकामवाला.
त्यानं विचारलं, किती जाड असतं हे पटल?
केस उभा चिरा, डॉक्टर म्हणाल्या,
दहा हजार फाका करा. त्यातली एक.
तो स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाला,
इतक्या पातळ भिंतीत कुणी पंप बसवतं का?

नंतर कधीतरी, जिन्यात, मला म्हणाला,
लोकांना वाटतं भिंत उभी राहणं म्हणजे घर.
खिडकी पाडावी लागते, ताई. दार पाडावं लागतं.
त्या पोराच्या डोक्यात डोळ्याची शीर जाते ते भोक
दर महिन्याला बारीक होत होतं.
मज्जेला बूड टेकायला जागा नव्हती,
रक्त बिचारं यकृताच्या दारी राहायला गेलेलं,
पोट फुगून हे एवढं.
आणि हाड, इतकं भरीव, इतकं घट्ट,
कूस बदलताना मोडलं.
खडूसारखंच.

गावाहून आजी आली. तिचा एकच प्रश्न:
कुणाकडून आलं हे?
दोघांकडून, वेरुक म्हणाली. म्हणजे तुमच्याकडूनही.
त्यावर आजीनं पिशवीतून दह्याची बरणी काढली,
आणि विषय तिथेच संपला.

बहिणीची मज्जा जुळली. पिनेर्पी, सहा वर्षांची.
पीटर्सबर्गला जायच्या आदल्या दिवशी
तिला माझ्या टेबलावर झोपवलं, छातीचा फोटो काढायला.
हलू नकोस म्हटलं, तर अजिबात हलेना.
नुसते ओठ हलवून विचारलं,
माझ्यातले खाणारे त्याला खातील?
हो, म्हटलं. थोडं थोडं.
दुखेल त्याला?
मला खरंच माहीत नव्हतं.
श्वास रोख, म्हणाले.

अकरा महिन्यांनी परत आली सगळी.
मध्ये रक्तात चुना इतका वाढला होता म्हणे
की सलाइनच्या बाटल्या मोजायचं त्यांनी सोडून दिलं.
इतके उपाशी होते ते.
डावा डोळा गेला तो गेलाच.
अत्नेर मान वाकडी करून उजव्यानं बघतो,
चिमणी दाणा बघते तसा.

फिल्म उजेडावर धरली.
मांडीच्या हाडाच्या मधोमध एक काळसर रेघ,
सुतळीएवढी.
गेन्नादीनं टोपी काढली. बोलला काहीच नाही.
पिनेर्पी स्टुलावर चढली. म्हणाली,
यात मी कुठे आहे?
मी बोट ठेवलं.
हे बघ, इथे. जिथे काही नाही, तिथे.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, लहानच आहे की अजून.